कुटीची शिल्पकार मीराबेन

हिंगोलीजवळून वाहणारी कयाधू नदी पुढे पैनगंगेस मिळते. पैनगंगा मराठवाडा आणि विदर्भ यांच्या सीमेवरून वाहत जाते आणि अखेरीस वर्धा नदीत विलीन होते. या नद्यांच्या काठची भूमी परस्परांची सख्खी बहीण शोभावी अशी आहे. तीच काळी माती, तीच कापसाची नि ज्वारीची शेते, वैशाखात तसेच भाजून काढणारे ऊन आणि आषाढात तसाच पाय रुतवणारा चिखल. या मुलखातील शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या आपले घर आपल्याच भूमीने दिलेल्या वस्तूंचे बांधीत आला. हिंगोलीकडे मातीच्या सपाट माळवदाची घरे दिसत, तर वर्ध्याकडे उतरत्या कौलारू छपरांची. छपराचा आकार निराळा. परंतु माती, लाकूड आणि माणसाचे श्रम हीच दोन्हीकडची सामग्री.

अशाच एका खेड्यात, वर्धा शहरापासून सुमारे ८ किलोमीटरवर, मातीची एक लहानशी कुटी आहे. तीत खुर्ची नाही, पलंग नाही, झुंबर नाही. जमिनीवर अंथरलेली चटई, तीवर एक साधी बैठक आणि समोर बुटके मेज, एवढाच काय तो तिचा थाट! तरीही एके काळी साऱ्या हिंदुस्थानच्या स्वातंत्र्यलढ्याचा विचार या चटईवर बसून होत असे. ही सेवाग्रामची बापूकुटी. महात्मा गांधी येथे राहिले हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु ही कुटी जिने मोठ्या मायेने उभारली आणि सजविली ती एक इंग्रज स्त्री होती, हे पुष्कळांच्या ध्यानात नसते. मीराबेन हे तिचे नाव. ते तिला पुढे मिळालेले नाव होय. तिचे मूळ नाव मॅडलीन स्लेड.

मॅडलीनचा जन्म २२ नोव्हेंबर १८९२ रोजी इंग्लंडमध्ये झाला. तिचे वडील, सर एडमंड स्लेड, हे ब्रिटिश आरमारात मोठे अधिकारी होते. आरमारी नोकरीमुळे ते पुष्कळदा दूरदेशी असत. त्यामुळे मॅडलीनचे बालपण तिच्या आजोबांच्या घरी गेले. हे घर सरे परगण्यातील एका विस्तीर्ण आवारात होते. तेथे बागा होत्या, कुरणे होती, गाई आणि घोडे होते. खेळण्यांपेक्षा आणि मेजवान्यांपेक्षा या लहान मुलीला झाडांचा सहवास अधिक आवडे. झाडे तिला जिवंत मैत्रिणींसारखी वाटत. घोड्यावर बसून रानोमाळ हिंडणे हा तिचा सर्वांत मोठा आनंद होता.

कुमारवयात तिला वडिलांबरोबर हिंदुस्थानात येण्याचा योग आला. सर एडमंड यांची नेमणूक हिंदी महासागरातील ब्रिटिश आरमाराच्या प्रमुखपदी झाली होती, आणि त्यामुळे सुमारे दोन वर्षे हे कुटुंब मुंबईस राहिले. परंतु तो हिंदुस्थान म्हणजे बंगल्यांचा, बग्ग्यांचा आणि सरकारी समारंभांचा हिंदुस्थान होता. खेड्यांत कोण राहते, काय खाते, कसल्या घरात झोपते, याची वार्ताही त्या बंगल्यांपर्यंत पोहोचत नसे. मॅडलीनने या देशाची भूमी पाहिली. देश मात्र तिला दिसला नाही.

तिच्या मनास खरी ओढ होती ती संगीताची. जर्मनीत जन्मलेला थोर संगीतकार बेथोव्हन याच्या रचना ऐकल्या, की तिचे देहभान हरपे. बेथोव्हनविषयी अधिक जाणून घ्यावे या इच्छेने ती फ्रेंच साहित्यिक रोमाँ रोलाँ यांच्या ग्रंथांकडे वळली. ते ग्रंथ मुळातून वाचता यावेत म्हणून ती फ्रेंच भाषा शिकली आणि अखेर स्वित्झर्लंडमध्ये जाऊन प्रत्यक्ष रोलाँ यांना भेटली. रोलाँ यांनी त्या सुमारास महात्मा गांधींवर एक लहान पुस्तक लिहिले होते. बोलता बोलता त्यांनी त्याचा उल्लेख केला. गांधी हे नाव तोपर्यंत मॅडलीनच्या कानांवर आलेले नव्हते. पुढे पॅरिसमध्ये तिने ते पुस्तक विकत घेतले आणि एका बैठकीत वाचून काढले. पुस्तक मिटताना तिच्या आयुष्याची दिशा ठरून गेली होती. आपण या पुरुषाकडे जावयाचे, हा तिचा निश्चय झाला.

जहाजाचे तिकीट तिने लगेच काढले. परंतु मग ती थांबली. श्रीमंतीत वाढलेल्या आपल्या देहाला आणि मनाला हे जीवन झेपेल काय, असा प्रश्न तिने स्वतःलाच केला. प्रथम तयारी, मग प्रस्थान, असे तिने ठरविले. पूर्ण एक वर्ष तिने स्वतःलाच शिकविण्यात घालविले. ती सूत कातावयास शिकली. मांस आणि मद्य तिने सोडले. पलंग सोडून ती जमिनीवर निजू लागली, खुर्ची सोडून मांडी घालून बसू लागली. हिंदुस्थानातील भाषेचे धडेही तिने घेतले. मित्रहो, ज्या घरात गालिचे अंथरलेले आहेत त्या घरात राहून जमिनीवर निजणे ही सोपी गोष्ट नव्हे. लोकांना ते वेड वाटते. परंतु माणसाला जगण्यास खरोखर किती वस्तू लागतात, याचा शोध तिने येथूनच आरंभिला. हाच शोध पुढे तिच्या हातून मातीच्या भिंतींमध्ये उतरावयाचा होता.

७ नोव्हेंबर १९२५ रोजी ती अहमदाबादेस साबरमती आश्रमात पोहोचली. महात्माजींनी तिला कन्या मानले आणि मीरा हे नाव दिले. मीराबेननी केस कापले, खादीचे पांढरे वस्त्र धारण केले आणि आश्रमातील सर्व कामांत आपला वाटा उचलला. शौचकूप साफ करण्याचे कामही त्यांनी आनंदाने केले. सरदारकन्येच्या हातात झाडू आला, आणि त्या हातांना त्याची लाज वाटली नाही.

तथापि मीराबेनच्या मनात एक दुबळेपणा होता, आणि तो त्यांनी पुढे आपल्या आत्मचरित्रात मोकळेपणाने कबूल केला आहे. बापूंच्या सान्निध्यावाचून त्यांना करमत नसे. बापू दौऱ्यावर गेले, की त्या व्याकूळ होत; कित्येकदा आजारी पडत. बापूंना हे पसंत नव्हते. आपल्या देहाची सेवा करण्यापेक्षा आपल्या कार्याची सेवा करावी, असे ते त्यांना परोपरीने समजावीत आणि मुद्दाम दूरच्या आश्रमांत पाठवीत. हा धडा मीराबेनना फार कठीण गेला. जिच्यासाठी सारे सोडले तीच गोष्ट सोडावयास शिकणे, हा त्यांच्या जीवनातील खरा झगडा होता. १९३१ साली गोलमेज परिषदेसाठी त्या गांधीजींबरोबर लंडनला गेल्या. परत आल्यावर त्यांनी तुरुंगवासही सोसला. परंतु मनातील हा झगडा मिटला नव्हता.

तो मिटविण्यास एक खेडे कारणीभूत झाले. १९३४ नंतर गांधीजी जमनालाल बजाज यांच्या आग्रहावरून वर्ध्यास राहू लागले. त्याच वर्षाच्या अखेरीस खेड्यांतील उद्योगांना जीवदान देण्यासाठी अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. खेड्यांचा उद्धार शहरात बसून होत नाही, ही गांधीजींची धारणा होती. मीराबेन वर्ध्यालगतच्या सिंदी या खेड्यात सफाईच्या कामास लागल्या आणि तेथून पुढे शेगावला जाऊन राहिल्या. संतांचे म्हणून प्रसिद्ध असलेले शेगाव हे नव्हे. हे वर्ध्याजवळचे दुसरे. गावाला धड रस्ता नव्हता, टपालकचेरी नव्हती. वस्ती गरिबांची आणि त्यातही बरीच दलितांची. साप, विंचू आणि हिवताप यांची मात्र वाण नव्हती. पुढे ३० एप्रिल १९३६ रोजी स्वतः गांधीजी शेगावात आले आणि तेथेच राहावयाचे त्यांनी ठरविले. दोन शेगावांमुळे पत्रांचा घोटाळा होऊ लागला, तेव्हा १९४० साली या गावाचे नाव सेवाग्राम असे ठेवण्यात आले.

गांधीजी येथे राहणार, तर घर हवे. त्यांची अट अशी होती, की घरासाठी लागणारे सामान आसपासचेच असावे, काम गावच्याच माणसांकडून करून घ्यावे आणि खर्च अगदी थोडा यावा. गरिबाला जे बांधता येणार नाही ते आपण बांधावयाचे नाही, हे या अटीमागील तत्त्व होते. घराच्या कामाचा मोठा भार मीराबेननी उचलला. त्यांनी वास्तुशास्त्राचे शिक्षण घेतलेले नव्हते. परंतु त्यांच्याजवळ दोन गोष्टी होत्या: निसर्गाकडे बघणारी दृष्टी आणि शिकण्याची नम्रता. विलायतेतील घराचा नकाशा त्यांनी येथे आणून ठेवला नाही. या भागातील शेतकरी ज्या रीतीने घर बांधतो तीच रीत त्यांनी पत्करली आणि तीत स्वच्छता, उजेड व सौंदर्य यांची भर घातली.

वऱ्हाड-नागपुराकडील असे घर कसे उभे राहते, हे पाहण्यासारखे आहे. प्रथम जमिनीपासून उंच जोते घालावयाचे, म्हणजे पावसाळ्यातील पाणी आणि ओल आत शिरत नाही. मग मातीत गवताचा किंवा भुशाचा चुरा मिसळून ती पायांनी तुडवावयाची. गवतामुळे माती वाळताना तडकत नाही. या मातीच्या जाड भिंती थराथराने चढवावयाच्या, किंवा बांबूचा कूड विणून त्यावर मातीचा लेप द्यावयाचा. वर लाकडाचे वासे, बांबूच्या कांबी आणि त्यांवर कुंभाराने घडविलेली कौले. छप्पर भिंतीच्या पुढे बरेच ओढून घ्यावयाचे आणि त्याखाली ओसरी काढावयाची. त्यामुळे पावसाची झड भिंतीला लागत नाही आणि दुपारचे ऊनही भिंतीपर्यंत पोहोचत नाही. वर्ध्याचा उन्हाळा मोठा कडक. मे महिन्यात तेथील पारा ४५ अंशांच्याही पुढे जातो. परंतु मातीची जाड भिंत फार सावकाश तापते. बाहेरची उष्णता तिच्यातून आत झिरपेपर्यंत संध्याकाळ होते. विजेचा पंखा नसतानाही आत थंडावा राहतो, तो या कारणाने. शेवटी जमीन आणि भिंती शेणामातीने सारवून घेतल्या, की घर राहण्यास तयार होते.

असे घर मोडले, तरी भूमीला भार होत नाही. माती मातीला मिळते. त्याला दरवर्षी सारवणाची आणि डागडुजीची गरज लागते, हे खरे. परंतु त्या निमित्ताने घरातील माणसाचा हात वर्षातून एकदा तरी भिंतीवरून फिरतो. दगडी वाड्याच्या धन्याला हे सुख क्वचितच लाभते.

सेवाग्रामात प्रथम जे घर झाले त्यास आदिनिवास म्हणतात. त्यात मुख्यतः एकच मोठी खोली होती. तिच्या एका भागात गांधीजी, दुसऱ्या भागात कस्तुरबा, आणि उरलेल्या जागेत सहकारी व पाहुणे. हळूहळू माणसांची इतकी दाटी झाली, की काम करण्यास शांतता मिळेना.

मीराबेननी आपल्यासाठी जवळच एक निराळी लहान कुटी बांधून घेतली होती. तेथे त्या गावकऱ्यांना पिंजणे व सूत कातणे शिकवीत. ही कुटी त्यांनी फार हौसेने सजविली होती. सजावटीसाठी बाजारातून काहीही आणलेले नव्हते. भिंतीच्या ओल्या मातीतूनच त्यांनी उठावाची चित्रे काढली. त्यांत झाडे होती आणि चरखा होता. सरे परगण्यातील बागेत ज्या मुलीला झाडे मैत्रिणींसारखी वाटत होती तिने आता हिंदी खेड्यातील झाडे आपल्या घराच्या भिंतीवर आणली. आपल्याकडील बायका सणावाराला भिंती सारवून त्यांवर चित्रे काढतात. तीच परंपरा या इंग्रज स्त्रीच्या बोटांतून पुन्हा फुलली.

आदिनिवासात राहणे अवघड झाले, तेव्हा गांधीजी मीराबेनच्या या कुटीत राहावयास आले. जी भिंत आपण घडविली, जिच्यावर झाडे रेखाटली, ते घर मीराबेननी बापूंना दिले आणि आपण दुसरीकडे गेल्या. एके काळी बापूंपासून दोन दिवस दूर राहणे ज्यांना असह्य होई त्यांनी आता आपले घर देऊन दूर राहण्याचे पत्करले. स्वतःच्या हाताने केलेल्या वस्तूचा मोह धनाच्या मोहाहूनही चिवट असतो. तो त्यांनी जिंकला. कुटीचे खरे बांधकाम त्या दिवशी पुरे झाले, असे म्हटले तर वावगे होणार नाही. पुढे तिच्यात गरजेनुसार थोडी भर पडली आणि ती बापूकुटी या नावाने प्रसिद्धीस आली.

खेड्यातील जीवन सोपे नव्हते. १९३६ सालीच गांधीजींना हिवतापाने गाठले, आणि मीराबेनना विषमज्वर झाला. परंतु दोघांनीही गावाचे काम सोडले नाही. कुटीत साप निघाला, तर तो मारावयाचा नाही, चिमट्याने धरून पेटीत घालावयाचा आणि दूर रानात सोडावयाचा, असा तेथील नियम होता. ती पेटी आणि तो चिमटा अद्यापही तेथे जतन करून ठेवले आहेत. घर बांधून आपण रानाची जागा घेतली; तेव्हा रानातील प्राण्यांशी सलोख्याने राहणे हे आपले कर्तव्य होय, ही त्यामागील भावना होती.

१९४२ साली छोडो भारत आंदोलनाच्या प्रारंभीच गांधीजींबरोबर मीराबेनना अटक झाली आणि त्यांना पुण्याच्या आगाखान महालात ठेवण्यात आले. मातीच्या कुटीतून त्या महालात आल्या. पण तो महाल बंदिवासाचा होता. तेथेच महादेवभाई देसाई यांचे १५ ऑगस्ट १९४२ रोजी आणि कस्तुरबांचे २२ फेब्रुवारी १९४४ रोजी देहावसान झाले. ही दोन्ही दुःखे मीराबेननी जवळून पाहिली. १९४४ च्या मे महिन्यात त्यांची सुटका झाली. आता त्यांच्या मनाने पुन्हा खेड्याची वाट धरली. या वेळी ती वाट हिमालयाकडे जात होती.

रुडकीजवळ त्यांनी किसान आश्रम स्थापिला आणि पुढे हृषीकेशजवळ पशुलोक नावाचे गोसेवेचे केंद्र उभारले. १९४६ च्या ऑगस्टमध्ये गांधीजींनी सेवाग्राम सोडले; ते पुन्हा त्या कुटीत परतले नाहीत. ३० जानेवारी १९४८ रोजी त्यांची हत्या झाली. त्यानंतरही मीराबेननी आपले काम सोडले नाही. गढवालातील भिलंगना नदीच्या खोऱ्यात राहून त्या डोंगरातील लोकांचे जीवन न्याहाळू लागल्या.

तेथे त्यांच्या निसर्गप्रेमाला शास्त्रीय निरीक्षणाची जोड मिळाली. गंगेच्या खोऱ्यात पूर वारंवार का येतात, हा प्रश्न त्यांना छळीत होता. उत्तर त्यांना डोंगरउतारांवर सापडले. तेथे पूर्वी बांज नावाच्या ओकवृक्षाची दाट वने होती. बांजाचा पाला जमिनीवर पडून कुजतो, त्याचा मऊ थर होतो, आणि तो थर पावसाचे पाणी शोषून झऱ्यांना वर्षभर पुरवितो. गुरांना चारा आणि शेताला खतही त्यापासून मिळते. परंतु बांज मागे हटून त्याच्या जागी चीड नावाचे पाइनवृक्ष पसरत होते. चिडाच्या सुयांसारख्या पानांचा थर पाणी धरून ठेवीत नाही, गुरे ती पाने खात नाहीत, आणि उन्हाळ्यात ती चटकन पेट घेतात. मग पावसाचे पाणी माती घेऊन खाली धावते आणि नद्यांना पूर येतात. हे सर्व मीराबेननी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू आणि सरकार यांच्या कानी घातले. त्या वेळी त्यांच्या म्हणण्याकडे फारसे लक्ष दिले गेले नाही. परंतु पुढे १९७० नंतर याच गढवालात झाडे वाचविण्यासाठी चिपको आंदोलन झाले, तेव्हा मीराबेननी किती आधी धोक्याची सूचना दिली होती, हे अनेकांना उमगले.

१९५९ साली त्यांनी जड अंतःकरणाने भारताचा निरोप घेतला. पुढे त्या ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळच्या वनप्रदेशात राहिल्या. ज्या भूमीत बेथोव्हनने आपले संगीत रचले त्या भूमीत, झाडांच्या सोबतीने, त्यांनी आपले उत्तरायुष्य साधेपणाने घालविले. १९६० साली त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. आयुष्याच्या अखेरीस भारत सरकारने त्यांना पद्मविभूषण हा बहुमान दिला. २० जुलै १९८२ रोजी, वयाच्या ८९ व्या वर्षी, त्यांनी देह ठेवला.

सेवाग्रामची कुटी मात्र सारवणाने तशीच ताजी राहिली. जगातील नामांकित विचारवंत आणि वास्तुशिल्पी ती पाहावयास येत राहिले. १९७८ साली इव्हान इलिच नावाचे थोर विचारवंत येथे येऊन कितीतरी वेळ शांत बसले आणि या लहान घरापासून आपण काय शिकलो हे त्यांनी जगाला सांगितले. एवढ्याशा घरात शिकण्यासारखे असते तरी काय? त्या कुटीत गेल्यावर माणसाला आपल्या घरातील वस्तूंची आठवण होते. यातील कोणत्या वस्तूंची मला खरी गरज आहे? त्या कोठून आल्या? त्या आणताना कोणते झाड तुटले, कोणती टेकडी खोदली गेली? मातीची भिंत काही बोलत नाही. परंतु हे प्रश्न ती मनात उभे केल्यावाचून राहत नाही.

मुलांनो, आपल्या गावाकडे अजून एखादे जुने मातीचे घर उभे असेल, तर वैशाखातील भर दुपारी त्याच्या ओसरीवर थोडा वेळ बसून पाहा. भिंतीला हात लावा. तो गारवा कोणा अनाम शेतकऱ्याच्या शहाणपणाचा आहे. सातासमुद्रांपलीकडून आलेल्या मीराबेनना तो ओळखता आला. आपण तर याच मातीची लेकरे आहोत.